अंगणातला खड्डा

आमच्या घराला अंगण आहे असं सांगितलं की अमळनेरचे नातेवाईक हसतात. फाटकापासून ओट्यापर्यंत दहा पावलं, त्यातली सहा फरशीची. उरलेल्या पट्ट्यात काळी माती, आपल्या खानदेशातल्यासारखीच. उन्हाळ्यात तडे जाणारी, पावसात चपलेला चिकटून घरात येणारी. पण पांडेसरात राहणाऱ्या बाईला विचारा, एवढीशी माती म्हणजे काय चीज असते ते. पलीकडे जीआयडीसी, डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, बॉयलरची धुराडी. सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर संध्याकाळपर्यंत काजळीचे बारीक कण बसलेले असतात. ओडिशाचे, बिहारचे, युपीचे कारागीर आणि उधना-जळगाव लाइनीने आलेले आपले खानदेशी, कितीतरी जण एकेका खोलीत चार-सहा मिळून राहतात. त्यात माझ्याकडे मोगऱ्याची दोन झाडं आणि एक पपई. मला त्याचा अभिमान होता. होता असंच लिहिते.

भुरी आली ती एका पावसाळ्यात. मिलच्या भिंतीलगत भिजत पडलेलं पिल्लू मुलानं शर्टात गुंडाळून आणलं. सासूबाईंनी दोन दिवस तिच्याकडे पाठ फिरवली आणि तिसऱ्या दिवशी दुधात पोळी कुस्करून त्यांनीच दिली. स्थानकात एक-दोघींनी हळूच विचारलं, 'पंधरा कर्मादानांत असतीपोषण येतं, विसरलात का?' विसरले नव्हते. पण ते धंद्यासाठी, शिकारीसाठी हिंस्र जनावरं पोसण्याबद्दल आहे असं मी समजते. गटारात वाहून चाललेलं पिल्लू त्यात कसं बसवायचं? (खाण्याचं म्हणाल तर वरण-भात, दही-पोळी यावर ती वाढली. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सासूबाईंना कोण आनंद झाला! म्हणाल्या, 'बघ, आपल्याच घरात यायची होती ती.')

चैत्र लागला आणि भुरीनं माती उकरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी वीतभर, दुसऱ्या दिवशी हातभर. तेही नेमकं मोगऱ्याच्या बुडाशी. सगळं अंगण कोरडं ठणठणीत, फक्त मोगऱ्याला मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, म्हणून तिथली माती ओली, गार. हे कारण मला आज इतकं सरळ दिसतं. तेव्हा मला फक्त खोडी दिसली. मुळं उघडी पडली होती, कळ्या मातीत. तिला पट्ट्याला धरून खड्ड्यापाशी ओढत नेलं, नाक खाली दाबलं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके दिले. तिनं कान पाडले, मान खाली घातली, नजर चुकवली. मी घरात येऊन म्हटलं, 'कळतंय बरं तिला, काय केलं ते. चेहराच सांगतो.'

चेहरा काय सांगतो? न्यूयॉर्कच्या एका कॉलेजात कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली याच अपराधी चेहऱ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं कुत्र्याला 'हा खाऊ खायचा नाही' म्हणून बजावायचं आणि बाहेर जायचं. मग कधी कुत्र्यानं खाल्लेलं असे, कधी नसे. पण मालकाला दर वेळी खरंच सांगितलं जाई असं नाही. निष्कर्ष असा की तो पडलेला चेहरा कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. म्हणजे ज्यांनी काहीच केलं नव्हतं तीही रागावल्यावर तशीच मान घालून उभी राहिली. हे वाचलं आणि मला माझ्या लहानपणीच्या, माहेरच्या कितीतरी दुपारी आठवल्या. आपणही मान खाली घातली आहे की नाही, काय चुकलं ते न कळता? असो, तो वेगळा विषय.

आता एक कबुली. मला राग आला तो मोगऱ्याचा. पण तोंडात आलं ते गांडूळ. घरात कुणी 'अगं, जाऊ दे, मुकं जनावर' म्हणालं की मी म्हणायची, 'फुलांचं काय घेऊन बसलात, त्या ओल्या मातीत बेइंद्रिय जीव आहेत. ही रोज किती मारते?' वाक्य खोटं नव्हतं. गांडुळं होतीच, तुटलेली मी पाहिली होती. आणि अनर्थदंडाच्या व्रतात विनाकारण जमीन उकरण्याला प्रमाद म्हटलेलं आहे, हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण मैत्रिणींनो, खरं वाक्यसुद्धा माणूस पदरासारखं वापरतो, मागे काय आहे ते झाकायला.

सल्ले सुरू झाले. अंगण एकाचं आणि सल्ले सोसायटीभरचे. शेजारच्या गुजराती बेन म्हणाल्या, 'बांधी दो ने, बेन!' वॉचमन युपीचा. त्यानं सांगितलं की त्याच्या गावाकडे पळणाऱ्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात. लोढणं, आपल्याकडेही बघितलंय मी. मान वाकली की कशाला खोदेल? भाचीनं मोबाइलवर काहीतरी बघून नखं अगदी मुळापर्यंत कापायला सांगितलं. त्या नखांच्या आत रक्ताची शीर असते, हे तिला ठाऊक नसावं. 'उकरलं त्या दिवशी जेवण बंद, आपोआप शिकेल,' हा सल्ला तर आमच्याच घरातला. मी लोढणं आणि नखं नाकारली, आणि स्वतःला दयाळू समजून साखळी आणली.

वैशाखात अमळनेरला लग्न होतं. सगळेच निघालो. दीड दिवसाचा प्रश्न. ओट्याच्या सावलीत भुरीला बांधलं, पाण्याचं पातेलं भरलं, शेजारच्या मुलाला सकाळी पाणी घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आलो तेव्हा तिचं भुंकणं ऐकू आलं नाही. साखळी पपईच्या खोडाला वेढे घेत घेत हातभर उरली होती. सावली केव्हाच सरकून गेलेली. पातेलं उपडं. मुलानं आपलं काम केलं होतं. घाबरत घाबरत फाटकातून हात घालून दुसरं भांडं ठेवलं होतं, तिच्यापासून चार हात लांब. भरलेलं, तसंच. गळ्याभोवती कातडं सोललेलं.

आणि त्या हातभर साखळीत तिला जेवढं जमलं तेवढं तिनं पपईच्या बुडाशी उकरलं होतं. त्या खड्ड्यात पोट टेकून पडली होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. ते रागावले नाहीत, साधेपणानं म्हणाले, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच आतली उष्णता बाहेर काढावी लागते. खालची माती गार असते. तिनं पोट टेकवलं म्हणून एवढा वेळ तगली. ज्या खोडीसाठी मी तिला बांधलं, तिनंच तिला वाचवलं.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. आपलं काय होतं, पाठ असतं ते जिभेवर धावतं. पहिलं व्रत, स्थूल प्राणातिपात विरमण, आणि त्याचे पाच अतिचार. बंध. वध, म्हणजे इथे ठार मारणं नव्हे, मारहाण. छविच्छेद, अवयव कापणं. अतिभार. भक्तपानविच्छेद, अन्नपाणी तोडणं. माझी जीभ तिथेच अडकली. हे पाचही मी गेल्या महिन्यात ऐकले होते, आमच्या अंगणात उभं राहून, चहाचा कप हातात घेऊन, एका कुत्रीला उकरण्यापासून कसं थांबवावं याचे उपाय म्हणून! एकही सुटला नव्हता. दोन मी स्वतःच्या हातानं केले होते, तिसरा माझ्या बेफिकिरीनं घडला. इतकी वर्षं मला वाटायचं की ही यादी जुन्या काळातल्या बैल-घोडेवाल्यांसाठी आहे, आपण आपलं म्हणायचं आणि पुढे जायचं. माझ्या दारातल्या साखळीचं नाव त्या यादीत पहिलंच होतं, आणि मी ते रोज तोंडानं उच्चारत होते.

पुढे मी यावर थोडं वाचलं. जुन्या टीकाकारांनी बंधाचा विचार किती बारीक केलाय! गृहस्थाला जनावर बांधावंच लागत नाही असं ते म्हणत नाहीत. विनाकारण बांधू नये. कारणानं बांधलं तरी निर्दयपणे नव्हे, गाठ सैल असावी, आग लागली तर जनावराला सुटता यावं. आगीपर्यंत विचार केलाय त्यांनी. मी उन्हापर्यंतसुद्धा केला नव्हता. आणि सरकारी कायदा पाहिला तर 1960 चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा. त्याच्या अकराव्या कलमात जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही तर तोही. म्हणजे शास्त्र जाऊ द्या, पोलिसाच्या दृष्टीनंही माझं चुकलंच होतं.

पण गांडुळांचं काय? त्यांना माझ्या ढोंगाशी काही देणंघेणं नाही. मी त्यांचं नाव खोटेपणानं घेतलं म्हणून त्यांचं मरण खोटं होत नाही. भुरीला मोकळं सोडलं की ती उकरणार. यजमानांनी एका रविवारी पेव्हर ब्लॉकवाल्याला बोलावून मापसुद्धा घेतलं. 'एकदाच काय तो सोक्षमोक्ष.' मला मोह झाला, नाही म्हणत नाही. अर्ध्या सोसायटीनं तसंच केलंय. माती झाकली की ना खड्डा, ना चिखल, ना गांडूळ दिसत. दिसत नाही, एवढंच. त्या पट्ट्यातला प्रत्येक जीव एकाच दुपारी दडपून मरणार, आणि ते पाप कोणत्याही कुत्र्याच्या पंजाला चिकटणार नाही म्हणून आम्ही निवांत झोपणार. शिवाय वैशाखात ते ब्लॉक तव्यासारखे तापतात. मापाचा कागद फ्रिजवर बरेच दिवस होता, मग कुठे गेला कोण जाणे.

दुसरा उपाय मुलानं शोधला. कुत्र्याला उकरूच नको म्हणणं म्हणजे मांजराला चढू नको म्हणण्यासारखं आहे. त्याला उकरायला त्याची अशी एक जागा द्यायची. सावलीत वाळूचा वाफा. तिथं उकरलं की शाबासकी, इतर ठिकाणी उकरताना दिसली तर त्याच क्षणी हाक मारून तिकडे न्यायचं, मागाहून ओरडायचं नाही. मला पटलं. सासूबाईंना नाही. त्या म्हणाल्या, 'आजवर ती आपल्या कर्मानं उकरत होती. आता तू जागा करून देणार, शाबासकी देणार. कृत, कारित, अनुमोदित. तू कशात बसतेस ते तूच ठरव.'

गप्प बसवणारा प्रश्न होता. चातुर्मासात उधन्याच्या बाजूला महासतीजी होत्या, त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं, साखळीसकट. वाफा करू का, विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काहीच बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाईट वाटलं, इतक्या लांबून आले आणि हे काय. नंतर सूत्रकृतांगातला तो प्रसंग कळला. अन्नपाण्याच्या दानासाठी कुणी काही करतो, त्यात जीव मरतात. तो साधूला विचारतो, यात पुण्य आहे का? आहे म्हटलं तर त्या मरणाऱ्या जीवांच्या घाताला संमती. नाही म्हटलं तर ज्यांना ते अन्न मिळणार त्यांच्या तोंडचा घास काढणं. म्हणून साधूनं दोन्ही बोलू नये. महासतीजींनी माझा प्रश्न टाळला नव्हता, माझ्याच ओटीत परत टाकला होता. त्यांनी घर सोडलंय, अंगण सोडलंय. मी सोडलेलं नाही. मग अंगणाचं उत्तर मीच द्यायला हवं.

माझं उत्तर कुठून आलं ते सांगते. ते सुरतेच्याच एका जुन्या गोष्टीतून आलं. 1690 साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात इथल्या बनिया लोकांच्या जनावरांच्या दवाखान्याचं वर्णन आहे: गायी, घोडे, शेळ्या, कुत्री, म्हातारी झालेली, लंगडी. आपण हे अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. पण त्याच पुस्तकात पुढे ढेकूण-पिसवांच्या आश्रयाचीही हकिकत आहे. त्या जीवांना उपास पडू नये म्हणून कधीमधी एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथं निजवत असत, आणि त्यानं उठून पळू नये म्हणून खाटेला बांधत. परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यात थोडं तिखटमीठ असेलही. पण मी त्या खाटेवरच्या माणसापाशी अडकले. दया शेठजींची, रक्त त्याचं. पुण्य एकाच्या खात्यात आणि खाज दुसऱ्याच्या अंगाला! आणि बांधलेला तोही होताच.

मी काय वेगळं केलं होतं? गांडुळांवर दया माझी, सोललेला गळा भुरीचा. माझा मोगरा सुरक्षित, माझी दुपार निवांत, अमळनेरचं लग्न व्यवस्थित. त्या जीवदयेत माझी एक कळीसुद्धा खर्ची पडली नव्हती. तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, 'बाई, कारित तर कारित. पाप मोजायचंच असेल तर माझ्या नावावर मोजा, भुरीच्या नको. पण निदान आता भरायचं ते मी भरते.' त्या काही बोलल्या नाहीत. घरात दोन महासती झाल्या असं मुलगा म्हणाला.

मोगरे कुंड्यांमध्ये हलवले. एक जगला, एक गेला. त्या जागी खोदकाम न करता, मातीच्या वरच विटांचा कठडा करून बांधकामवाल्याकडून आणलेल्या कोरड्या वाळूच्या गोण्या ओतल्या, हातभर उंच. कोरड्या वाळूत गांडूळ राहत नाही. वर जुन्या साडीचं छत. पहिले काही दिवस वाळूत सुक्या खोबऱ्याचे तुकडे पुरून ठेवले, तिला कळावं म्हणून. पपईच्या बुडाशी मोठे चपटे दगड. सकाळी मिलची पाळी सुटायच्या आत आणि रात्री जेवणं झाल्यावर मुलगा किंवा मी तिला फिरवतो. दमलेलं कुत्रं कमी उकरतं हे सगळ्या उपायांतलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात कंटाळवाणं सत्य आहे. साखळी फिरवण्यापुरती. भर उन्हात वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडावं लागतं, त्यावर अप्कायाचा मुद्दा निघालाच, आणि तो बरोबरही आहे. गाळून शिंपडते. अजूनही कधीतरी ती पपईपाशी दगड हुंगत उभी राहते, आणि दोनदा तिनं कुंडी पाडली.

आणि पाऊस आला तेव्हा माझा हिशेब चुकलाच. पहिल्या मोठ्या सरीनंतर वाळू भिजली आणि गांडुळं मातीतून वर येऊन त्या वाफ्यातच शिरली. मी सकाळी उठून बाहेर आले, अजून नीट उजाडलं नव्हतं. सासूबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून वाफ्याच्या कठड्यावर बसल्या होत्या. एका हातात बॅटरी, शेजारी पूंजणी, आणि पपईच्या पानावर एकेक गांडूळ अलगद घेऊन कुंपणाकडच्या मातीत सोडणं चाललेलं. भुरी ओट्यावर, जाळीच्या दारामागे, शेपूट आपटत.

'सोडू का हिला?' मी विचारलं.

'थांबव जरा,' त्या मान वर न करता म्हणाल्या, 'अजून दोन राहिलेत.'